मधल्यानं सांगायचं

नावेचा दोर साठ पावलं वळून झाला होता, वीस राहिली होती, आणि तिथं आमच्या बारकीची मूठ मिटली. उजवा हात भोवऱ्यावरून सुटला आणि हवेतच आवळला. भोवरा खाली पडला, पिळलेले तिन्ही पदर सुटून एकमेकांवर आपटले आणि एक फटका तिच्या मनगटावर बसला. लालभडक वळ उठला. ती ओरडली नाही. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायला लागली, आणि ती काही उघडेनात.

आम्ही दोर वळतो. घायपाताचा वाख काढायचा, धुवायचा, वाळवायचा, विंचरायचा आणि घरामागच्या लांब पट्टीवर त्याचा दोर करायचा. ह्या कामाला तीन माणसं लागतात, दोघांत भागत नाही. एका टोकाला चाक, त्याला तीन आकडे, तिथं आमचे हे. ऐंशी पावलांवर दुसऱ्या टोकाला जाड फळी, तिच्यावर दगड, तिथं आमचा थोरला. चाक फिरलं की पदर पिळून आखडतात आणि फळीला दगडांसकट पुढं ओढतात. दगड कमीजास्त करायचं काम थोरल्याचं. मधे बारकी. तिच्या हातात लाकडी भोवरा, त्याला तीन खाचा, प्रत्येक खाचेत एक पदर. ती फळीकडून चाकाकडं एका चालीनं चालत येते आणि तिच्या मागं दोर तयार होत जातो. मधे थांबलं की दोर बिघडला. बिघडलेल्याचे तुकडे करून गुरांच्या दाव्याला देतात, दुसरा उपयोग नाही.

आणखी एक रीत आहे. चाक सारखं करकरतं, त्यामुळं ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही. म्हणून मधल्यानं सांगायचं. चाकावरचा म्हणणार ‘दगड चढव’, की मधल्यानं मागं न बघता ओरडायचं, ‘दगड चढव’. फळीवरचा म्हणणार ‘चाक हळू’, की मधल्यानं पुढं ओरडायचं, ‘चाक हळू’. सासऱ्यांच्या वेळेपासून हेच. आधी मधे मी होते. चौदा वर्षं चालले. मग माझा गुडघा कामातून गेला आणि भोवरा बारकीच्या हातात आला, तेव्हा ती पंधराची होती.

इथवर काही चुकलं नाही. चुकलं ते असं, की ही पट्टीवरची रीत आम्ही घरात आणली.

दोन उन्हाळ्यांमागं गाळवाल्याचा दोर तुटला. हा माणूस विहिरींतला गाळ काढतो, दोराला बसून खाली उतरतो. आमच्याकडचा नवाकोरा दोर आठवड्यात तुटला. माणूस वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. अजूनही आमच्या दारावरून लंगडत जातो आणि मान वळवत नाही. तेव्हा ह्यांनी भर बाजारात सांगितलं की थोरल्यानं फळीवर दगड कमी ठेवले. थोरल्यानं तिथल्या तिथं सांगितलं की बापानं गेल्या सालचा कुजका वाख मिसळला. झालं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. शेजारी शेजारी जेवायला बसायचे आणि मीठ हवं असलं की हे म्हणायचे, ‘बारके, त्याला सांग मीठ सरकव.’ तो मीठ हातात धरून म्हणायचा, ‘बारके, सांग त्यांना घ्या म्हणून.’ आणि ती सांगायची. मी हसायचे. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटायची. काम थांबलं नव्हतं, चूल पेटत होती, मग अबोल्याचं एवढं काय घेऊन बसायचं? सांगणारीचं काय होतंय हे मी बघितलंच नाही.

त्या दिवशीसुद्धा बघा. पोरगी मनगट धरून उभी, मी लंगडत तिच्याकडं धावतेय, आणि हे चाकावरून ओरडतायत, ‘बारके, त्याला विचार काय झालं.’

हाडांच्या डॉक्टरांनी हाताचा फोटो काढला. हाड ठणठणीत. त्यांनी मलम दिलं, पट्टी बांधली. आठ दिवसांनी पट्टी सोडली, मूठ तशीच. दुसऱ्या एकानं गोळ्या दिल्या, त्यांनी ती दिवसभर झोपली. पण तेव्हाच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुपारी ती गाढ झोपली की मूठ सुटायची. पाची बोटं मोकळी, तळव्यावर नखांच्या खुणा. जागी होऊन उठून बसली की पुन्हा आवळायची. शेजारणीनं ते बघितलं आणि गावभर केलं, की दोरवाल्यांची पोर कामाचा कंटाळा करते, ढोंग करते. पाण्याला गेले की बायका गप्प व्हायच्या. मी कळशी भरून मान ताठ ठेवून परत यायचे.

मग मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी हातात बारीक सुया टोचून तपासणी केली. म्हणाले, नसा धड आहेत. मी विचारलं, मग ढोंग आहे का? ते म्हणाले, ढोंग असतं तर मला दिसलं असतं, ही बोटं तिच्या ताब्यात नाहीत, एवढं नक्की. आणि खालच्या मजल्यावर मनाचं बघणाऱ्या बाईंकडं चिठ्ठी दिली.

ह्या सगळ्यात मधे बारा दिवस ती माझ्या भावाकडं राहिली होती. तिथं तिसऱ्या दिवशी मूठ सुटली. वहिनीबरोबर कपडे पिळले, पीठ मळलं, मामाच्या पोरीची वेणी घातली. नवव्या दिवशी पुन्हा मिटली, ती दोन दिवस तशीच. ह्यांनी हे ऐकलं आणि आपलं ठरवूनच टाकलं. म्हणाले, तिथं बरी असते ना, मग तिथंच राहू दे. मामाला नाही म्हणता येणार नाही. मधल्या कामाला एखादा माणूस बघू. बारकीला विचारलं तर ती म्हणाली, जाईन. तिला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी ती जाते म्हणाली असती, अशी तिची गत झाली होती. मला मात्र हे पटेना. पोरगी बरी व्हावी म्हणून पोरगीच घरातून घालवायची, हे कसलं औषध?

खालच्या मजल्यावरच्या बाई चाळिशीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खोलीत सहा खुर्च्या, सहा तऱ्हेच्या. टेबल, घड्याळ, खिडकीत पाण्याचा माठ. त्यांनी आधी बारकीला एकटीला तासभर आत घेतलं. मग मला एकटीला. घरात कुणी मारतं का, विचारलं. मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, तुम्हाला? मी म्हटलं, नाही. दारू? नाही. तिला कुणाची भीती वाटते? मी म्हटलं, भीती कुणाची वाटणार, आमच्या घरात कुणी आवाजसुद्धा चढवत नाही, कारण कुणी बोलतच नाही.

एवढं मी बोलून गेले आणि मग थांबले.

त्यांनी हातानं खूण केली, बोला. मग मी मिठाचं सांगितलं. मामाकडचं सांगितलं. त्यांनी विचारलं, नवव्या दिवशी तिथं काय झालं? मी म्हटलं, काही नाही. म्हणाल्या, आठवा. आणि आठवलं तसा माझा चेहरा उतरला. नवव्या दिवशी ह्यांनी तिला फोन केला होता. आभाळ भरून आलं होतं, फळी आत घ्यायची होती. थोरला अंगणातच बसला होता, ह्यांच्यापासून तीन हातांवर. आणि ह्यांनी दोन गावं पलीकडं मामाच्या घरी फोन लावून पोरीला सांगितलं, ‘त्याला सांग, फळी आत घे.’ तिनं थोरल्याला फोन लावला. थोरल्यानं फोन उचलला, ऐकला, फळी आत घेतली. मी तेव्हा भांडी घासत होते आणि पोट धरून हसले होते.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काही लिहिलं आणि म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी चौघं या.

मला राग आला. मी म्हटलं, ‘बाई, हात तिचा आहे. इलाज तिच्यावर करा. म्हणजे काय, आम्ही तिला आजारी पाडलं?’

‘तसं मी म्हटलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नसांच्या डॉक्टरांनी दिलेले हाताचे व्यायाम चालूच राहतील. ती एकटी माझ्याकडं येईल तेही चालू राहील. पण घरात चार माणसं आहेत आणि एकीचा हात मिटतो. ती बाहेर गेली की उघडतो, घराचा फोन आला की मिटतो. आता मी एकट्या तिलाच बसवून किती बोलू?’

मी म्हटलं, मग सगळ्यांनाच असं चौघाचौघांना बोलावता का? त्या म्हणाल्या, नाही. मारहाण असती तर मुळीच बोलावलं नसतं, कारण इथं खरं बोललेल्याचा सूड घरी उगवला जातो. हाडात, नसेत दोष असता तरी आधी बोलावलं नसतं. आणि तिला नको असतं तर नाहीच. तिला मी दोनदा विचारलं. ‘पहिल्यांदा ती गप्प बसली,’ बाई म्हणाल्या. ‘दुसऱ्यांदा म्हणाली, ते दोघं एकाच खोलीत बसले तर चालेल मला.’

पुढं त्यांनी मामाकडचंही मोकळेपणानं सांगितलं. तिथं हात बरा राहील, कदाचित कायमचा राहील. फक्त तिला घरी येता येणार नाही, आली की मिटणार. निवड तुमची आहे. सहा गुरुवार द्या, नाही जमलं तर मी स्वतः म्हणेन, तिला मामाकडं पाठवा.

बसमध्ये बारकी खिडकीशी बसली, मूठ पदराखाली. मी तिला विचारलं, बाईंना तू असं म्हणालीस? तिनं मान हलवली. घर येईपर्यंत माझं ठरलं होतं.

ठरवणं सोपं. दोन बाप्यांना खुर्चीवर नेऊन बसवणं अवघड. ह्यांना म्हटलं तर हे वाख विंचरत म्हणाले, मला काय झालंय? मूठ हिची मिटते. थोरल्याला म्हटलं तर म्हणाला, ते येत असतील तर मी येणार नाही. परत ह्यांच्याकडं गेले तर हे म्हणाले, त्याला सांग आधी बाजारात जाऊन माफी माग. आणि मी ते सांगायला दोन पावलं निघाले सुद्धा. उंबऱ्यावर पाय अडखळला तेव्हा ध्यानात आलं, की बारकी नाही तर आता मी. मी तिथंच थांबले. म्हटलं, ‘अहो, तो तिथं गोठ्यात आहे. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. मी कुणाला काही सांगणार नाही.’

हे बघतच राहिले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं मी कधी बोलले नव्हते. बाईच्या जातीनं कसं बोलावं वगैरे त्यांच्या तोंडावर आलं असेल, पण ते त्यांनी गिळलं आणि फणी जोरात वाखातून ओढली.

गुरुवार उजाडला तरी दोघांपैकी कुणी हललं नव्हतं. हे अंधूक उजेडात पट्टीवर गेले. थोरला फळीपाशी. बदली माणूस मिळाला नव्हता, तरी दोघं दोन टोकांना जाऊन उभे, काय करणार होते देव जाणे. आणि चाकाला दांडीच नव्हती. दांडी म्हणजे चाक फिरवायचं लोखंडी हँडल, हातभर लांब, चांगलं वजनदार. हे घरभर फिरले. लाकडाच्या ढिगात बघितलं, माळ्यावर बघितलं, शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी बारकीची वेणी घालत होते. म्हटलं, दांडी माझ्या पिशवीत आहे. आम्ही दोघी नऊच्या गाडीनं दवाखान्यात जातोय. ज्याला पाहिजे त्यानं तिथून घेऊन जावी.

नऊच्या गाडीत चौघं होतो. हे पुढच्या दारापाशी, थोरला मागच्या दारापाशी. मधे आम्ही दोघी आणि पिशवीतली दांडी, गाडी वळली की माझ्या गुडघ्यावर आपटायची.

बाईंनी मला तिथं चांगलंच झापलं. मी दांडी टेबलावर ठेवली आणि अभिमानानं सांगितलं कशी आणली ह्यांना. त्या म्हणाल्या, असं ओढून आणून काही उपयोग नाही. दांडी उचलून त्यांनी ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘काका, ही तुमची. तुम्हाला जायचं असेल तर आत्ता जा, मी राग धरणार नाही. थांबायचं असेल तर तिच्यासाठी थांबा.’ मला वाटलं, गेले आता. ह्यांनी दांडी घेतली, दाराकडं बघितलं, बारकीच्या मुठीकडं बघितलं. मग दांडी मांडीवर आडवी ठेवून बसून राहिले. थोरला दाराशीच उभा होता, तो हळूच आत येऊन टोकाच्या खुर्चीवर बसला. दोघांच्या मधली खुर्ची मोकळी होती. बारकी सवयीनं तिथं जाऊन बसली.

बाईंनी थोरल्याला काहीतरी विचारलं, पंख्याच्या आवाजात ह्यांना ऐकू गेलं नाही. हे बारकीकडं झुकले. ‘काय म्हणतो विचार त्याला.’

मी कपाळाला हात लावला. बाई उठल्या, बारकीची खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी माठाजवळ नेऊन ठेवली. म्हणाल्या, बाळा, तू इथं बस, तुला आज काही सांगायचं काम नाही. मग ह्यांना म्हणाल्या, आता विचारा. ह्यांच्या आणि थोरल्याच्या मधे नुसती फरशी उरली. दोघांनी त्या फरशीकडं बघितलं. घड्याळात दहा मिनिटं गेली असतील. ह्यांनी घसा खाकरला, दांडी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. थोरल्याच्या मानेवर घामाचे ओघळ. तासाभरात एवढंच झालं. निघताना बाईंनी एक काम दिलं: आठवडाभर बारकीकडून कुणी कुणाला काही सांगायचं नाही. फक्त एवढंच. प्रेमानं वागा, माफी मागा, असलं काही त्या बोलल्या नाहीत.

तो आठवडा म्हणजे शिक्षा होती. जेवताना ताटवाट्यांचा आवाज तेवढा. एक दिवस भाजीत मीठ नव्हतं, दोघांनी अळणी खाल्लं पण मीठ मागितलं नाही. हे हळूहळू चाकाशी बोलायला लागले. तेल घालता घालता चाकाला सांगायचे, ‘दगड ओले झालेत, आत घ्यायला पाहिजेत.’ थोरला मागं उभा राहून ऐकायचा आणि दगड आत घ्यायचा. मी म्हटलं, चला, निदान पोर सुटली, चाकावर आलं. बारकी एका हातानं वाख विंचरायची. दोनदा ह्यांच्या तोंडातून ‘बारके, त्याला’ एवढं निघालं आणि हे स्वतःच थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा मी बघितलं, तिची करंगळी जराशी सैल झाली होती. कुणाला काही बोलले नाही, उगाच नजर लागायची.

दुसऱ्या गुरुवारी दांडी घरीच राहिली. सगळे आपणहून निघाले, ह्यांनी तर तिकिटं काढली. बाईंनी ह्या वेळी गाळवाल्याचा विषय काढला. दोघांनी आपापलं सांगितलं, बाईंकडं बघून. थोरला म्हणाला, वाख कुजका होता. हे म्हणाले, दगड कमी होते. पुन्हा तेच, पुन्हा तेच, दोन वर्षं जे पोरीच्या कानात ओतलं तेच. दोघंही तिला साक्षीला धरायचे, घरीही आणि तिथंही: ती मधे होती, तिला विचारा.

‘तिला विचारायचं नाही,’ बाई म्हणाल्या.

‘मला सांगायचंय,’ बारकी माठापासून म्हणाली.

ती फरशीकडं बघत बोलली. पदर उडाला होता, म्हणाली. चाळिसाव्या पावलाला भोवऱ्याच्या खाचेतून एक पदर उडून वर आला आणि वीतभर फुगवटा झाला. ‘थांबा’ ओरडायला पाहिजे होतं. तिला भोवरा हातात घेऊन नववाच दिवस होता. ओरडलं तर दोर गेला, बाबा चिडतील, म्हणून तिनं फुगवटा हातानं दाबला, उजव्या हातानं, आणि चालत राहिली. दोर तुटला तो तिथंच तुटला, तिनं तुकडा बघितला होता. ‘दगड बरोबर होते. वाखही बरोबर होता,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दोघं मला रोज विचारायचा. मी काय सांगू?’

माझं रडू मला आवरेना. पोरीनं दोन वर्षं हे एकटीनं धरून ठेवलं होतं, आणि वर ह्यांचं मीठ आणि त्याचं पाणी पोचवत होती. मी तिच्याकडं जायला उठले, बाईंनी हातानं मला बसवलं. त्या ह्यांच्याकडं बघत होत्या.

हे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. दोर वळणाऱ्याचे हात, तळव्याचं कातडं कसलं, घट्टे पडून खरखरीत झालेलं. त्यांनी ते उलटे करून बघितले. मग मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ थोरल्याकडं बघितलं.

‘फुगवटा माझ्या हाताला लागला होता,’ ते म्हणाले. ‘दोर तयार झाला की मी हात फिरवून तपासतो, तसा त्या दिवशीही तपासला. लागला मला. गाळवाला दारात उभा होता, घाई करत होता. मी म्हटलं, चालतंय. मी दिला तो दोर. पदर कुणाच्याही हातून उडतो रे. तपासायचं काम माझं होतं.’

थोरला ओठ चावत बसला. मग म्हणाला, ‘दोन वर्षं, बाबा.’

‘हो,’ हे म्हणाले.

गळ्यात गळे वगैरे काही पडले नाहीत. थोरला उठून बाहेर गेला आणि व्हरांड्यात नळाखाली डोकं धरलं. बाईंनी बारकीला एवढंच विचारलं, आता कसं वाटतंय? ती म्हणाली, भूक लागलीय. मूठ मिटलेलीच होती. मी बाईंना विचारलं, झालं ना आता, बरी होईल ना? त्या म्हणाल्या, अजून चार गुरुवार आहेत, घाई करू नका. मला जरा खट्टू वाटलं. एवढं सगळं बाहेर पडलं तर बोटं फटकन उघडायला काय हरकत होती?

बसमधून उतरल्यावर हे घराकडं वळले नाहीत. गाळवाल्याच्या दाराशी गेले. आम्ही तिघं रस्त्यावर उन्हात थांबलो. आत काय बोलणं झालं ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा चेहरा पार उतरला होता. आणि मागोमाग गाळवाला काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडं बघितलं. चांगल्या नजरेनं नाही, पण बघितलं.

चौथा गुरुवार झाला आणि ज्याचा दोर त्या दिवशी बिघडला तो नावाडी पुन्हा आला. जुना दोर झिजलाय, आता थांबता येत नाही म्हणाला. मधल्या कामाला माणूस मिळत नव्हता. मी म्हटलं, मी चालते. हे म्हणाले, तुझा गुडघा? मी म्हटलं, गुडघा माझा आहे, ऐंशी पावलं तर आहेत. बारकीची नुसती भोवऱ्याकडं नजर गेली तरी तिचे खांदे आखडायचे, तिला मी त्याच्या जवळसुद्धा जाऊ देणार नव्हते. ती पट्टीच्या कडेला वाखाच्या गठ्ठ्यावर बसली.

सकाळी दंव होतं, वाख मऊ होता. गुडघ्याला फडकं आवळून बांधलं आणि भोवरा हातात घेतला. चाक करकरायला लागलं, पदर ताठले, फळी दगडांसकट सरकली. मी चालायला लागले. दहा, वीस, तीस. घामानं डोळे चुरचुरत होते, पण चाल मोडली नाही. पस्तिसाव्या पावलाला पदर जास्त ताणायला लागले, हाताला कळलं. ह्यांनाही चाकावर कळलं. मी वाट बघत होते, आता हे मला म्हणतील, त्याला सांग. रीतच ती.

हे उभे राहिले आणि माझ्या डोक्यावरून ओरडले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

‘अरे, दोन दगड काढ!’

थोरला तिकडून तेवढ्याच जोरात, ‘कुठले? पुढचे का मागचे?’

‘मागचे!’

‘ऐकू येत नाही, बाबा!’

‘मागचे रे, मागचे!’

चाकाची करकर, त्यात ह्या दोघांचा आरडाओरडा, कुत्रं भुंकायला लागलं, शेजारीण कुंपणावरून बघायला लागली. मी मधे होते आणि माझं त्यात काही काम नव्हतं. ताण सैल झाला, पदर खाचेत नीट बसले. मी चालता चालता कडेला बघितलं. बारकी गठ्ठ्यावर बसून हसत होती आणि आवाज सोसवेना म्हणून तिनं कानांवर हात ठेवले होते. दोन्ही हात. दोन्ही तळवे सपाट कानांवर, बोटं केसांत.

तिचं तिला ठाऊक नव्हतं. मला थांबता येत नव्हतं, चाळीस पावलं राहिली होती. मी भोवरा धरला आणि चालत राहिले.